जुन्या समुद्री तेलक्षेत्राचे उत्पादन कसे टिकवावे : सुरुवात पाण्याच्या हिशेबापासून

बेळगाव, खानापूर, निपाणी या भागात अभियांत्रिकी शिकून समुद्रातील तेलाच्या कामाकडे वळू पाहणाऱ्या मराठी मुलामुलींसाठी हे टिपण लिहीत आहे. उदाहरणादाखल मुंबई हाय डोळ्यांसमोर ठेवावे. मुंबईच्या पश्चिमेस सुमारे १६० किलोमीटरवर असलेले हे क्षेत्र १९७४ मध्ये सापडले, १९७६ मध्ये तेथून तेल येऊ लागले, आणि ऐंशीच्या दशकातील भरभराटीनंतर उत्पादन उतरत गेले. अशा क्षेत्रावर रुजू झालेल्या अभियंत्याच्या मनात आधी नव्या विहिरींचा विचार येतो. माझे स्पष्ट मत असे आहे की चालू विहिरींतून वर येणाऱ्या पाण्याचा हिशेब लागल्याशिवाय नव्या विहिरीचा प्रस्ताव मांडूच नये, कारण सेपरेटर (तेल, पाणी आणि वायू वेगळे करणारे पात्र), पंप आणि पाइपलाइन यांची क्षमता क्षेत्राच्या या वयात मुख्यतः पाणीच व्यापून टाकते.

प्रत्येक विहीर ठराविक अंतराने टेस्ट सेपरेटरवर, म्हणजे एकेका विहिरीची चाचणी घेण्याच्या सेपरेटरवर, घेऊन तिचे तेल, पाणी आणि वायू स्वतंत्रपणे मोजावेत. प्लॅटफॉर्मचे एकूण उत्पादन मोजून ते जुन्या प्रमाणानुसार विहिरींवर वाटून टाकले, तर बिघडलेली विहीर चांगल्या विहिरींच्या आड लपून राहते. पाण्याचे प्रमाण वर्षानुवर्षे सावकाश वाढत असेल, तर खडकातील पाण्याची आघाडी पुढे सरकत आहे असे समजावे. पण ते काही आठवड्यांतच उसळले, तर खडकातील भेग, केसिंगमधील (विहिरीला आतून बसवलेल्या पोलादी नळीतील) गळती किंवा केसिंगमागचे फुटलेले सिमेंट यांवर संशय घ्यावा. वर आलेल्या पाण्याचा नमुना प्रयोगशाळेत अवश्य तपासावा. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सुमारे २,७०० मिलिग्रॅम सल्फेट असते, तर तेलाच्या खडकातील मूळ पाण्यात ते बहुधा बरेच कमी असते. त्यामुळे सल्फेट वाढू लागले की दाब टिकवून तेल विहिरींकडे ढकलण्यासाठी आपणच खडकात सोडलेले समुद्राचे पाणी विहिरीपर्यंत पोहोचले, हे कळते. ते नेमके कोणत्या थरातून येते, हे प्रॉडक्शन लॉगिंगचे (कोणत्या खोलीवर काय वाहते ते मोजणारे) उपकरण विहिरीत उतरवून ठरवता येते.

मुंबई हायचा मुख्य तेलसाठा चुनखडीत आहे, आणि चुनखडीच्या एका थरातून पाणी जितक्या सहज वाहते तितके शेजारच्या थरातून वाहत नाही. उसाला दारे धरणाऱ्या आपल्याकडच्या शेतकऱ्याला हे सांगावे लागणार नाही : पाणी एकाच सरीने शेवटापर्यंत पळाले की बाजूच्या सऱ्या कोरड्या राहतात, आणि तेव्हा पाट वाढवून भागत नाही, ती सरी अडवावी लागते. विहिरीत हेच काम यांत्रिक प्लग, सिमेंट किंवा पॉलिमर जेल वापरून करतात, आणि त्यासोबत संबंधित इंजेक्शन विहिरीतील (जिच्यातून पाणी खडकात सोडतात तिच्यातील) पाणीही कमी करतात. प्रवाह वाढवण्यासाठी चुनखडीत हायड्रोक्लोरिक आम्लाचा उपचार चांगला लागू पडतो, परंतु आम्लही सर्वांत मोकळ्या वाटेनेच जाते. ती वाट पाण्याची असेल, तर उपचारानंतर पाणीच वाढते. म्हणून डायव्हर्टर (आम्ल इतर थरांकडे वळवणारा पदार्थ) न वापरता आम्ल सोडू नये.

आत सोडायच्या पाण्याचे प्रमाण बाहेर काढलेल्या द्रवांवर ठरवावे, मात्र ही तुलना जमिनीखालच्या दाबातील आकारमानांची असावी, कारण विरघळलेल्या वायूमुळे एक बॅरल तेल खाली एक बॅरलहून अधिक जागा व्यापते. समुद्राचे पाणी गाळून, त्यातील प्राणवायू काढून आणि जंतुनाशक घालूनच आत सोडावे. येथे हयगय झाली, तर नळ्या गंजतात आणि सल्फेटवर जगणारे जिवाणू हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू तयार करू लागतात.

कमी खर्चात वाढीव तेल मिळण्याची सर्वांत चांगली जागा मला गॅस लिफ्टमध्ये दिसते. विहिरीत वायू सोडल्याने आतील द्रवस्तंभ हलका होतो आणि तेल वर येते. मर्यादेपलीकडे वायू सोडला, तर घर्षण वाढून उत्पादन उलट घटते. कंप्रेसरकडून मिळणारा वायू मोजकाच असल्याने तो सर्वांना सारखा वाटू नये. वायू थोडा वाढवला असता किती तेल वाढते, हे प्रत्येक विहिरीवर पाहावे, आणि जेथे वाढ कमी तेथून काढून जेथे वाढ जास्त तेथे द्यावा. ही वाढ सगळीकडे सारखी झाली की वाटप योग्य झाले. कोणतीही विहीर बंद पडली किंवा सुरू झाली की हे गणित पुन्हा करावे.

एवढे झाल्यावर ड्रिलिंगकडे वळावे. प्लॅटफॉर्मवर विहिरींच्या जागा मोजक्याच असतात, म्हणून निकामी विहिरीच्या केसिंगला खिडकी पाडून साइडट्रॅक, म्हणजे बाजूला नवी शाखा, काढणे आणि तेल शिल्लक राहिलेल्या पट्ट्यात आडवी विहीर नेणे, हा मार्ग आधी तपासावा.

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत ओतकाम किंवा हायड्रॉलिक्सचे काम पाहिलेल्यांना जाडी, गंज आणि दाब यांचे भान असते. जुन्या प्लॅटफॉर्मवर ते फार मोलाचे आहे. पाइपलाइनचे पिगिंग (आतून उपकरण सरकवून केलेली सफाई व तपासणी) आणि नळ्यांच्या जाडीची अल्ट्रासोनिक मोजणी उत्पादनाच्या घाईपोटी कधीही पुढे ढकलू नये. २७ जुलै २००५ रोजी मुंबई हाय नॉर्थवर एका सहायक जहाजाची रायझरला (समुद्रतळावरून प्लॅटफॉर्मवर तेल-वायू आणणाऱ्या उभ्या नळीला) धडक बसून आग लागली, प्लॅटफॉर्म नष्ट झाला आणि माणसे दगावली. रायझरचे संरक्षण आणि जहाजे जवळ आणण्याचे नियम यांचा विचार म्हणूनच उत्पादनाच्या आराखड्यातच करावा.

जून ते सप्टेंबर समुद्र खवळलेला असतो, त्यामुळे वर्कओव्हरची (विहिरींच्या दुरुस्तीच्या कामांची) यादी, सुटे भाग आणि जहाजे यांची तयारी पावसाळ्यातच पूर्ण करून ऑक्टोबरपासून काम सुरू करावे. एखादी विहीर बंद करण्याचा निर्णय तिच्यावर प्रत्यक्ष होणारा खर्च आणि तिचे तेल यांवरून घ्यावा, संपूर्ण क्षेत्राच्या सरासरीवरून घेऊ नये. आणि साइडट्रॅकची शक्यता तपासेपर्यंत तिच्यात कायमचे सिमेंट भरू नये.