जीवाश्मातला पंख वाचताना या चुका टाळा

वाघोलीच्या खाणीतला दगड फुटला आणि आत पंख्यासारखी नक्षी दिसली, की "किड्याचा पंख सापडला" म्हणून फोटो फिरू लागतात. ते बहुधा झिओलाइटचे (बेसाल्टच्या पोकळ्यांत तयार होणाऱ्या खनिजाचे) स्फटिक असतात. पुण्याखालचा बेसाल्ट हा सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. त्यात नाजूक पंख टिकणार कुठून? पंखांच्या सुरुवातीच्या काळातले नमुने फ्रान्स, जर्मनी, अमेरिकेतलं कॅन्सस इथले आहेत. त्यामुळे इथला विद्यार्थी फोटोवरूनच शिकतो आणि खरी गफलत तिथेच होते.

पंखाला सपाट नकाशा समजू नका. पावसाळा सरताना वेताळ टेकडीवर चतुरांचे थवे उडतात. त्यातला एखादा मेलेला मिळाला तर टेबललॅम्पखाली तिरपा धरा आणि भिंगातून पुढची कड पाहा: पहिली शीर (कोस्टा) वर उठलेली, दुसरी (सबकोस्टा) घळीत बसलेली, तिसरी (रेडियस) पुन्हा वर. या चुण्यांमुळेच पातळ पडद्याला ताठपणा येतो. दगडातही हीच उंची-खोली उमटते आणि शीर ओळखायचा तोच सर्वांत भरवशाचा पुरावा असतो.

पण दगड दोन फाळ्यांत फुटतो. एका फाळीत जो उंचवटा, तो दुसरीत खळगा. त्यात फोटोचा उजेड खालून आला असेल तर डोळा हमखास फसतो, कारण उजेड वरूनच येतो असं तो गृहीत धरतो. म्हणून आधी एखाद्या ओळखीच्या खाचेची सावली बघून उजेडाची दिशा ठरवा, मग फाळी कोणती ते पाहा, मग पंखाची वरची बाजू दिसतेय की खालची ते. हे न करता शिरांना नावं दिली तर सबकोस्टाला रेडियस म्हटलं जातं, पुढची सगळी नावं एकेक घर सरकतात आणि कीटक भलत्याच गणात जाऊन बसतो.

मेगॅन्युराला "राक्षसी चतुर" म्हणणं बातमीत ठीक, अभ्यासात नाही. फ्रेंच कीटक-जीवाश्मतज्ज्ञ ब्रोन्यार यांनी 1885 मध्ये नाव दिलेल्या या सुमारे 30 कोटी वर्षांपूर्वीच्या कीटकाचा पंखविस्तार 65 सेंटिमीटरच्या आसपास होता. आजच्या चतुराच्या पंखाच्या पुढच्या कडेला मध्यावर एक खाचेसारखा सांधा असतो आणि टोकाजवळ एक गडद ठिपका. मेगॅन्युराच्या पंखात दोन्ही नाहीत. तो चतुरांचा चुलत नातेवाईक, खापरपणजोबा नव्हे. त्याच्या आकाराचं सगळं श्रेय हवेतल्या जादा ऑक्सिजनला देऊन मोकळं होऊ नका. तेव्हा आकाशात पक्षी नव्हते, हेही लक्षात घ्या.

स्टेनोडिक्टिया या जीवाश्म कीटकाच्या डोक्यामागच्या दोन पाळ्या पाहून "सहा पंखांचा कीटक" असं लिहू नका. उडायचे पंख चारच.

शेवटची चूक पाषाण तलावावर टाचण्या (चतुरांचे सडपातळ भाऊबंद) पाहणाऱ्यांची. टाचणी बसताना पंख पाठीवर जुळवते, म्हणून तिला पंख मिटता येतात असं वाटतं. ती ते फक्त वर उभे करते. झुरळ मात्र पंख मागे वळवून पोटावर आडवे ठेवतं, कारण त्याच्या पंखाच्या मुळाशी त्यासाठी खास तुकडा आणि स्नायू असतो. असे पंख घेऊन सालीखाली, पाचोळ्यात शिरता येतं आणि आजचे बहुतेक कीटक याच शाखेतले आहेत. जीवाश्मात पंख मुळापासून तुटलेला असेल तर नुसत्या आकारावरून हा निवाडा करू नका. मुळाचा भाग दिसतो असा नमुना शोधा.