बेलरमागे ट्रॉली ओढायची? आधी दांडीचा भार बघा

धान कापून झालं की आमच्या भंडारा-गोंदियाकडे तणसाचे गठ्ठे बांधायला छोटे चौकोनी बेलर फिरायला लागतात, अन दरवर्षी कोणीतरी विचारतंच, भाऊ मागे हुक मारून ट्रॉली ओढता येते का, म्हणजे गठ्ठे वेचायची दुसरी फेरी वाचते. ओढता येते. पण कोणती ट्रॉली अन हुक कुठून काढला, यावर सगळं आहे.

मी पहिल्या वर्षी घरचीच दोन चाकी ट्रॉली अडकवली. दोन चाकीचा बराच भार दांडीवर येतो, ट्रॅक्टरला ते चालतं, बेलरला नाही, कारण हुक बेलरच्या चाकांच्या मागे असतो, मागून जेवढं दबतं तेवढा तो पुढून उचलला जातो. समजा हुक चाकापासून दीड मीटर मागे अन ट्रॅक्टरची पिन तीन मीटर पुढे, तर दांडीवरचा 300 किलो भार पुढचं 150 किलो वजन काढून घेतो. धुरा म्हणजे बांध ओलांडताना बेलरची दांडी खडखड आपटायला लागली, उतरून बघतो तर क्लिप तुटून पडलेली अन पिन अर्धी वर आलेली, पीटीओ, म्हणजे बेलर फिरवणारा ट्रॅक्टरचा शाफ्ट, मात्र चालूच! तेव्हापासून चार चाकीच, तिचा भार तिच्याच चाकांवर राहतो, बेलरला फक्त ओढावं लागतं.

हुक मारताना वेल्डिंगवाला म्हणेल चेंबरच्या, म्हणजे गठ्ठा दाबला जातो त्या लांब खोक्याच्या, टोकालाच पट्टी जोडून देतो. अजिबात नको. ते टोक गठ्ठा आवळायला असतं, स्प्रिंगचं हँडल फिरवून आपण तिथेच घट्ट-सैल करतो, तिथे ओढ बसली की चेंबर वाकलं अन गठ्ठे वाकडेतिकडे निघाले समजा. दोन लोखंडी चॅनेल थेट अॅक्सलच्या मूळ फ्रेमला बोल्टने आवळायचे, चेंबरखालून मागे आणायचे, तिरका आधार द्यायचा. चेंबरमध्ये तणस ठोकणारा प्लंजर मिनिटाला 80-100 ठोके मारतो, साधे नट दोन दिवसात ढिले होतात, म्हणून लॉकनट टाका अन सकाळी ग्रीस मारताना पाना फिरवून बघा. सोबत साखळीही लावा.

ट्रॉलीची दांडी लांब हवी, नाहीतर वळताना ट्रॉलीचा कोपरा गठ्ठा सरकायच्या पत्र्यात घुसतो. अर्ध्या एकराच्या बांधीत, म्हणजे धानाच्या छोट्या वावरात, खरं सांगू तर हा उद्योगच करू नका, वळण्यातच दिवस जातो, गठ्ठे खाली पडू द्या. बांधी ओली असेल तरी तेच, 18 किलोचे 60 गठ्ठे म्हणजे हजार किलोच्या वर, चाकं रुततात. उतारावर तर हेच वजन बेलरला मागून ढकलतं, ट्रॉलीला ब्रेक नसतो, तेव्हा अर्धीच भरा अन लहान गिअरमध्ये उतरा. रस्त्याने जाताना ट्रॉली सोडून वेगळी न्या.

अन ट्रॉलीवर गठ्ठे रचणाऱ्याला शिट्टी द्या गळ्यात, पीटीओच्या आवाजात त्याची हाक ड्रायव्हरला ऐकूच येत नाही.