जिप्सीचे बुश निवडताना

मारुती जिप्सीच्या चारही चाकांना पाटे, म्हणजे एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगा आहेत. प्रत्येक पाट्याचे एक टोक थेट चेसिसला (गाडीच्या सांगाड्याला) आणि दुसरे शॅकलला, म्हणजे झुलत्या जोडपट्टीला, जोडलेले असून, या सांध्यांतले बुश, म्हणजे रबराच्या नळकांड्या, रस्त्याची बारीक थरथर गिळतात आणि एक चाक दगडावर चढले की पाट्याला थोडेसे पिळू देतात. त्यामुळे आरामासाठी बुश घेताना तो किती टिकेल यापेक्षा तो किती वाकेल हे आधी पाहावे.

मात्र खर्च करण्यापूर्वी दोष बुशचाच आहे ना, याची खात्री करावी. पाट्याच्या डोळ्याशी (टोकाच्या गोल कडीशी) टॉमी, म्हणजे लोखंडी पहार, लावून रेटल्यावर पिन सैल हलत असेल, रबर फाटले असेल किंवा एका बाजूला दबून बाहेर आले असेल, तर बुश गेले आहेत. याउलट खडखडाट नसून गाडी नुसतीच आपटत असेल, तर टायरमधली हवा, शॉकअप आणि कोकणातल्या पावसात गंजून एकमेकांना धरून बसलेले पाटे आधी तपासावेत. कारण पाटेच मोकळे सरकत नसतील, तर कितीही मऊ बुश बसवून उपयोग नाही.

पॉलियुरेथेनचे, म्हणजे रबरापेक्षा कडक प्लॅस्टिकचे, बुश तेल आणि झीज रबरापेक्षा चांगली सोसतात, म्हणून पूर्ण संच बदलण्याचा मोह होतो. माझ्या मते आरामाची अपेक्षा असणाऱ्याने तो टाळावा. घ्यायचेच असतील, तर शोअर ए या कडकपणाच्या मापावर (आकडा मोठा तितका बुश कडक) ८० च्या आसपासचे घ्यावेत. ९५ चे बुश गाडी वळणावर घट्ट धरतात, पण खडीचा प्रत्येक खडा आसनापर्यंत पोहोचवतात. चेसिसकडच्या स्थिर टोकाला मी रबरच ठेवीन आणि प्रयोग करायचाच असेल तर तो शॅकलवर करीन. मारुतीच्याच जिम्नी या गाडीत पाट्यांऐवजी कॉइल स्प्रिंग असल्या तरी विचार हाच लागू पडतो: पुढच्या ऍक्सलला (चाकांच्या आसाला) धरणाऱ्या आर्मचे, म्हणजे दांड्यांचे, बुश एक चाक वर गेल्यावर बरेच पिळले जातात, त्यामुळे तिथे रबरच हवे, ऍक्सलला आडवे सरकू न देणाऱ्या पॅनहार्ड रॉडला मात्र कडक बुश चालतो आणि स्टिअरिंगही नेमके होते.

बसवण्यातली चूक महाग पडते. गाडी जॅकवर, चाके लोंबकळत असताना नट पूर्ण आवळले, तर गाडी खाली येताच रबर कायमचे पिळलेल्या अवस्थेत राहते, गाडी कडक वाटते आणि नवा बुश लवकर फाटतो. म्हणून नट आधी हातापुरते लावावेत, चाके जमिनीवर टेकवून गाडी दोन-चार वेळा दाबून हलवावी आणि मगच ते ठरलेल्या टॉर्कला, म्हणजे पिळण्याच्या जोराला, आवळावेत. रबराला साधे ग्रीस लावू नये, त्याने ते फुगते. बसवायला साबणाचे पाणी पुरते. पॉलियुरेथेनला सिलिकॉन ग्रीस लावावे, नाहीतर प्रत्येक खड्ड्यात ते करकरते. सुमारे ५०० किलोमीटर चालवल्यावर सगळे नट पुन्हा एकदा तपासावेत.