रात्रीच्या विमान अपघाताचा तपास अहवाल कसा वाचावा

लहान खासगी विमानाला रात्री उतरताना अपघात झाला की पहिले दोन दिवस धुके, अंधार आणि वैमानिकाचा अनुभव यांवर भरपूर चर्चा होते. तपास अहवाल येईपर्यंत ती चर्चा विरून गेलेली असते, आणि अहवाल आला तरी आकडे व संक्षेपांच्या गर्दीमुळे तो सहसा कोणी वाचत नाही. तो कोणत्या क्रमाने वाचावा, हे एका प्रत्यक्ष घटनेच्या आधारे पाहू.

२७ नोव्हेंबर २०२२ रोजी न्यूयॉर्क राज्यातील व्हाइट प्लेन्स येथून निघालेले एका इंजिनाचे मूनी एम२०जे विमान मेरीलँडमधील गेथर्सबर्गच्या माँटगोमेरी काउंटी एअरपार्कवर, धुक्यात, जीपीएस-आधारित इन्स्ट्रुमेंट अ‍ॅप्रोचने, म्हणजे बाहेर न पाहता उपकरणांच्या आधारे ठरलेल्या मार्गाने, उतरत होते. संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास ते धावपट्टीच्या अलीकडे उच्चदाब वीजवाहिनीच्या मनोऱ्यावर आदळले आणि तिथेच लटकून राहिले. हजारो घरांची वीज गेली. वैमानिक आणि सोबतची प्रवासी जखमी झाले, पण वाचले. त्यांना खाली उतरवायला मध्यरात्र उलटून गेली.

हाती आलेला अहवाल प्राथमिक आहे की अंतिम, हे सर्वांत आधी पाहावे. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार प्राथमिक अहवाल ३० दिवसांत अपेक्षित असतो आणि त्यात केवळ हाती लागलेली तथ्ये असतात, कारण नसते. अमेरिकेत हे काम एनटीएसबी (राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळ) करते, भारतात २०१२ पासून एएआयबी (विमान अपघात तपास विभाग). प्राथमिक अहवालातील एखादे वाक्य उचलून ‘कारण स्पष्ट झाले’ असे मथळे दोन्हीकडे सर्रास छापले जातात, ते बाजूला ठेवावेत.

त्यानंतर वेळ तपासावी. हवामानाच्या नोंदी जागतिक प्रमाणवेळेत असतात, तर अहवालाचा मजकूर बहुधा स्थानिक वेळेत असतो. गेथर्सबर्गचे संध्याकाळचे ५.३० म्हणजे जागतिक प्रमाणवेळेचे २२.३०, आणि आपल्याकडे दुसऱ्या दिवशीची पहाट. ही सांगड घातली नाही, तर भलत्याच तासाचे हवामान अपघाताच्या माथी मारले जाते.

सर्वाधिक वेळ उंचीच्या आकड्यांना द्यावा, कारण वाचक बहुतेकदा इथेच फसतो. विमान जमिनीपासून सुमारे १०० फुटांवर अडकले होते, असे बचाव पथकाने सांगितले. अहवालात मात्र सुमारे ६०० फूट असा आकडा आहे. दोन्ही बरोबर आहेत, कारण अहवालातली उंची समुद्रसपाटीपासून मोजलेली असते. याउलट, ढगांचा तळ विमानतळाच्या जमिनीपासून मोजतात. म्हणून कागदावर सगळे आकडे समुद्रसपाटीवर आणून एका स्तंभात लिहावेत. हा विमानतळ ५३९ फुटांवर आहे. म्हणजे सव्वा मैल अंतर बाकी असताना विमान धावपट्टीच्या पातळीपेक्षा जेमतेम ६० फूट वर होते. अवतरणाचा नेहमीचा उतार तीन अंशांचा, म्हणजे सागरी मैलामागे सुमारे ३०० फूट असतो. त्या हिशेबाने त्या जागी विमान धावपट्टीहून साडेतीनशे-चारशे फूट उंच असायला हवे होते.

हा हिशेब झाला की अ‍ॅप्रोचचा नकाशा शेजारी ठेवावा, आणि तोही अपघाताच्या दिवशी लागू असलेलाच, कारण हे नकाशे ठरावीक कालावधीने बदलतात. मार्गावरील अशा बिंदूंना पाच इंग्रजी अक्षरांचे नाव असते आणि ते ओलांडतानाची किमान उंची ठरलेली असते. या घटनेत बेग्का हा बिंदू ३,००० फुटांऐवजी २,७७५ फुटांवर आणि पुढचा टिंबे २,२०० ऐवजी १,७२५ फुटांवर ओलांडला गेला. फरक २२५ फुटांवरून ४७५ फुटांवर गेला. मनोरा आड येण्याच्या कितीतरी आधीच विमान खाली होते, हे या चार आकड्यांतून जितके उघड होते तितके कोणत्याही वर्णनातून होत नाही.

धुक्याचा भाग यानंतर वाचावा. इन्स्ट्रुमेंट अ‍ॅप्रोच मुळात दिसत नसतानाच करायचा असतो. ठरलेल्या किमान उंचीपर्यंत धावपट्टी दिसली नाही तर पुन्हा वर जायचे, एवढीच अट असते. त्यामुळे ‘धुक्यामुळे अपघात’ हे उत्तर मला नेहमीच अपुरे वाटते. रेडिओ संभाषणाबाबतही सावध राहावे: या विमानतळावर नियंत्रण मनोरा नाही, संभाषण दूरच्या नियंत्रकाशी होते, आणि अ‍ॅप्रोचची परवानगी मिळाल्यावर नकाशातील उंची पाळणे वैमानिकाकडेच असते.

त्याच विमानतळाच्या जुन्या अपघातांशी घाईने नाते जोडू नये. डिसेंबर २०१४ मध्ये तिथे एम्ब्राएर फेनम १०० हे छोटे जेट घरांवर कोसळून सहा जण मृत्युमुखी पडले; पण ते दिवसाउजेडी, पंखांवर बर्फ साचलेले असताना वेग कमी पडून कोसळले होते. जागा एकच असली तरी अपघात घडण्याची तऱ्हा पूर्ण वेगळी होती.

संभाव्य कारणाचा परिच्छेद शेवटी उघडावा. तपासाचा हेतू पुढचे अपघात टाळणे हा असतो, दोषी ठरवणे हा नव्हे. अमेरिकेत तर मंडळाचा अहवाल नुकसानभरपाईच्या दाव्यात पुरावा म्हणून वापरता येत नाही. अहवालासोबत एनटीएसबी छायाचित्रे, हवामानाच्या नोंदी, जबाब अशी मूळ कागदपत्रेही खुली करते. त्यातील वैमानिकाचा जबाब असल्यास, स्वतःचा उंचीचा तक्ता पूर्ण झाल्यावरच वाचावा.