विदर्भातून पुण्यात आलात? फेब्रुवारी-मार्च असा घालवा

अमरावती-यवतमाळकडून नोकरीसाठी आलेली आपली पोरंपोरी पहिल्या वर्षी एकच रडगाणं गातात: सुट्टीच्या दिवशी करायचं काय? मॉलमध्ये खिसा रिकामा होतो आणि मेसची भाजी घशाखाली उतरत नाही. माझं उत्तर ठरलेलं आहे. सकाळी टेकडी, येताना मंडई आणि दुपारी आपल्या हातचं जेवण.

महाशिवरात्रीच्या सुमारास इथे पहाटे स्वेटर लागतो आणि दुपारी पंखा. म्हणून ऊन चढायच्या आत निघा. डेक्कनकडे राहत असाल तर फर्ग्युसन कॉलेजमागची हनुमान टेकडी, कोथरूड-पाषाणला असाल तर वेताळ टेकडी. पहिल्यांदा हिरमोड होईल, कारण गवत पार वाळलेलं असतं आणि पायवाटेवर फुफाटा. फिकट गुलाबी फुलांनी लगडलेली झाडं दिसतील, ते गिरिपुष्प. बाहेरदेशातून आणून लावलेलं झाड, पण फोटो सगळे त्याचेच काढतात. मला विचाराल तर काटेसावर शोधा. अंगावर पान नाही, खोडाला काटे आणि फांद्यांवर तळहाताएवढी लाल, मांसल फुलं. त्याखाली जरा बूड टेकून बसा. बुलबुल, साळुंक्या, कावळे, खारी, सगळ्यांची मधासाठी झुंबड उडालेली असते. नशीब असेल तर भोरड्यांचा थवा उतरतो. गुलाबी अंग, काळं डोकं आणि कलकलाट असा की शेजारच्याचं बोलणं ऐकू येऊ नये. हिवाळ्यात त्या मध्य आशियाकडून येतात, एप्रिलपर्यंत परततात. पळसही सापडेल, पण आपल्याकडच्यासारखं अख्खं रान केशरी झालेलं पाहायची अपेक्षा ठेवू नका. आणि टेकडीवर सिगारेट पेटवू नका. या दिवसांत एका ठिणगीने वणवा लागतो.

उतरलात की महात्मा फुले मंडई. १८८६ सालची दगडी इमारत एकदा मान वर करून बघून घ्या, मग खाली बघा: हरभऱ्याच्या हिरव्यागार जुड्या, वांगी, मटार. तुरीच्या शेंगा आता संपत आलेल्या असतात, त्यामुळे सोलेभाताचा हट्ट सोडा आणि सोलाण्यांची, म्हणजे ओल्या हरभऱ्याच्या दाण्यांची आमटी करा. सोललेले दाणे मिळतात, पण महाग. जुडी घेऊन रूमवर सगळ्यांनी मिळून सोला. बोटं आंबट होतात, होऊ द्या.

वाटीभर दाणे लोखंडी कढईत थोड्या तेलावर परता. काळे डाग पडून खरपूस वास सुटला पाहिजे. इथे घाई केलीत तर आमटी कच्चट लागते. चार-पाच लसूण पाकळ्या, दोन हिरव्या मिरच्या आणि जिरं घालून भरडच वाटा. मूठभर दाणे अख्खे ठेवा. मोहरी-हिंगाची फोडणी, हळद, त्यात वाटण परता, मग गरम पाणी आणि मीठ. उकळताना ती दाट होते, म्हणून पाणी सढळ हाताने घाला. सोबत ज्वारीची भाकरी. जमत नसेल तर पोळीभाजी केंद्रातून आणा, त्यात लाज कसली! कॉट बेसिसवर राहत असाल तर गॅस वापरायचं मालकिणीला आधी विचारा आणि वाटीभर आमटी तिच्याकडे पोचवा. पुढच्या वेळी विचारावं लागत नाही.

होळीच्या दुसऱ्या दिवशी जुन्या पेठांत रंग घेऊन कुणाच्या दारात जाऊ नका. तिथली जुनी मंडळी रंग खेळतात रंगपंचमीला. आता आयटीवाल्यांच्या सोसायट्यांत धुळवडीलाच सगळं उरकतं, तो भाग वेगळा.

मार्चमध्ये कैरी यायला लागते. हरभऱ्याची डाळ भिजवून, भरड वाटून, त्यात कैरी किसून वर फोडणी दिली की झाली आंब्याची डाळ. चैत्रात कुणी हळदीकुंकवाला बोलावलं तर ती पन्ह्यासोबत आयतीच मिळेल. पुरंदरचे अंजीर दिसले तर मात्र पाव किलोच घ्या आणि त्याच दिवशी संपवा. दुसऱ्या दिवशी ते आंबतात.