जुन्या पीसीत रॅम वाढवताय? या चुका टाळा

नवी ४ जीबीची स्टिक लावली, बटण दाबलं, पंखे फिरले आणि स्क्रीन काळीच. मामांच्या २०१० सालच्या पीसीवर हे झालं. तीच स्टिक दुकानदाराने आमच्यासमोर त्याच्या मशीनवर चालवून दाखवली होती. मी आधी स्लॉटला, मग मदरबोर्डला, मग दुकानदाराला दोष देत दोन संध्याकाळी घालवल्या. खराब काहीच नव्हतं. त्या बोर्डाला ती रॅम वाचताच येत नव्हती.

जुन्या पीसीसाठी रॅम घेताना बहुतेक जण एवढंच विचारतात, 'डीडीआर३ आहे ना?' (डीडीआर२, डीडीआर३ म्हणजे रॅमच्या एकामागून एक आलेल्या पिढ्या.) तो प्रश्न लागतोच, पण तिथे थांबणं ही पहिली चूक. डीडीआर२ आणि डीडीआर३ दोन्हींना २४० पिना असतात, मात्र मधली खाच वेगळ्या जागी असते, म्हणून एकीच्या स्लॉटमध्ये दुसरी बसत नाही. जोर लावून बसवायला गेलात तर स्लॉट फुटेल. ही चूक निदान हाताला कळते. खरा घोळ होतो तो खाच जुळल्यानंतर.

मामांचा बोर्ड इंटेलच्या जी४१ चिपसेटचा होता (चिपसेट म्हणजे प्रोसेसर, रॅम आणि बाकीचे भाग जोडणारी बोर्डावरची मुख्य चिप). त्या काळात असेंबल केलेल्या पीसींमध्ये हा बोर्ड जागोजागी दिसायचा. हा चिपसेट एका मेमरी चिपमध्ये जास्तीत जास्त २५६ एमबी ओळखतो. म्हणजे ४ जीबीची स्टिक हवी असेल तर तिच्यावर १६ चिपा हव्यात, दोन्ही बाजूंना आठ-आठ. नंतरच्या काळातल्या ४ जीबीच्या स्टिकवर आठच चिपा असतात, प्रत्येकी ५१२ एमबीच्या. दिसायला तीच डीडीआर३, खाचही तीच, पण जी४१साठी निरुपयोगी. स्टिकरवर '२आर×८' लिहिलेलं असेल तर ती १६ चिपांची, '१आर×८' असेल तर आठची. दुकानात स्टिकर वाचा आणि स्टिक उलटून चिपा मोजा. मामांना शेवटी १६ चिपांच्या दोन वापरलेल्या स्टिक मिळाल्या आणि पीसी ८ जीबीवर गेला. जी४१ची कमाल मर्यादा तेवढीच.

ऑनलाइन स्वस्तात मिळणाऱ्या काही स्टिकवर 'फक्त एएमडीसाठी' असं बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं. ते गंभीरपणे घ्या. त्यांच्या चिपांची रचना वेगळी असते आणि इंटेलच्या घरगुती बोर्डांवर त्या चालत नाहीत. सर्व्हरमधून काढलेली रॅमही अशीच भुरळ घालते, कारण कमी पैशांत जास्त जीबी मिळतात. स्टिकरवरच्या पीसी३-१०६०० या आकड्यानंतर 'आर' असेल तर ती रजिस्टर्ड, म्हणजे सर्व्हरची. साध्या डेस्कटॉपला 'यू' हवी. 'एस' दिसला तर ती लॅपटॉपची छोटी स्टिक. पण ऑफिसांतून निघालेल्या अगदी छोट्या, पुस्तकाएवढ्या डेस्कटॉपमध्ये नेमकी हीच लागते. तेव्हा कॅबिनेट न उघडता ऑर्डर देऊ नका. (आपल्याकडे आख्ख्या कॅबिनेटलाच 'सीपीयू' म्हणतात, काहीही म्हणा, पण उघडा.)

दुसऱ्या ते चौथ्या पिढीचा कोअर आय प्रोसेसर, म्हणजे एच६१ किंवा एच८१ सारखा बोर्ड असेल तर काम बरंच सोपं. एका स्लॉटला जास्तीत जास्त ८ जीबी, दोन स्लॉट असतील तर १६ जीबी. एकच १६ जीबीची डीडीआर३ स्टिक घेऊन एक स्लॉट मोकळा ठेवायचा बेत इथे फसतो. वेगाची फार चिंता नको. १३३३ च्या जोडीला १६०० लावली तर दोन्ही १३३३ ने चालतात. जास्त वेगाच्या स्टिकसाठी वेगळे पैसे मोजायचं कारण नाही. सारख्या क्षमतेच्या दोन स्टिक मात्र घ्या, म्हणजे ड्युअल चॅनल मिळतो, दोन्ही स्टिक एकाच वेळी वापरल्या जातात. प्रोसेसरमधलंच ग्राफिक्स वापरत असाल तर फरक जाणवतो.

सहाव्या पिढीच्या काही बोर्डांवर डीडीआर३चे स्लॉट आहेत. तिथे १.३५ व्होल्टची डीडीआर३एल लागते. जुन्या पीसीतून काढलेली १.५ व्होल्टची स्टिक तिथे लावू नका.

खरेदीआधी विंडोजमधला टास्क मॅनेजर उघडून बघा, मेमरी आणि डिस्क किती वापरात आहे ते तिथे दिसतं. रोजचं काम करताना मेमरी निम्मी रिकामी आणि हार्ड डिस्क १०० टक्क्यांवर असेल, तर दुखणं रॅमचं नाही. ते पैसे एसएसडीवर, म्हणजे हार्ड डिस्कऐवजी लावायच्या वेगवान चिपांच्या डिस्कवर, घाला. आणि विंडोज ३२-बिट असेल तर ८ जीबी लावूनही वापरता येतील साधारण साडेतीनच. आधी ६४-बिट विंडोज टाकावी लागेल, तीही नव्याने, म्हणून फाइलींचा बॅकअप घ्या.

योग्य रॅम लावूनही डिस्प्ले आला नाही तर घाबरू नका. प्लग काढा, पॉवरचं बटण काही सेकंद दाबून ठेवा, कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावा. स्टिकच्या सोनेरी पिनांवरून खोडरबर हलकेच फिरवा, कचरा झटका आणि क्लिपचा 'टक' आवाज येईपर्यंत दाबा. जुन्या बोर्डांवर दहातल्या निम्म्या तक्रारी इथेच मिटतात, असा माझा अंदाज. तरीही नाही, तर एकच स्टिक ठेवून प्रत्येक स्लॉटमध्ये बघा. त्यानंतर बोर्डावरचा नाण्यासारखा सेल, सीआर२०३२, दोन-चार मिनिटं काढून परत बसवा. बायोसच्या, म्हणजे पीसी सुरू करणाऱ्या बोर्डावरच्या प्रोग्रामच्या, सेटिंग पूर्ववत होतात. सेल दहा वर्षं जुना असेल तर नवाच घाला.

पीसी सुरू झाला, पण मध्येच निळी स्क्रीन येते, असं असेल तर पेनड्राइव्हवरून मेमटेस्ट८६+ हा रॅम तपासणारा प्रोग्राम रात्रभर चालवा. एकही चूक दिसली तर स्टिक परत करायची, म्हणून तोवर बिल आणि पाकीट टाकून देऊ नका.