ओजिब्वे नेत्याचे जुने छायाचित्र कसे तपासावे

एकोणिसाव्या शतकातील ओजिब्वे (उत्तर अमेरिकेतील एक आदिवासी समाज) नेत्याचे छायाचित्र समोर आले की नजर आधी चेहऱ्याकडे जाते. तपासणी मात्र छायाचित्र ज्यावर चिकटवलेले असते त्या पुठ्ठ्यापासून सुरू करावी. अंदाजे अडीच बाय चार इंचांचा पुठ्ठा ‘कार्त द व्हिजित’ (भेटकार्डाएवढे छोटे छायाचित्र) प्रकारातला असतो, तर सव्वाचार बाय साडेसहा इंचांचे कॅबिनेट कार्ड १८६६च्या सुमारास प्रचारात आले. मागे महसुली तिकीट चिकटवलेले असेल तर काम बरेच सोपे होते, कारण अमेरिकेत छायाचित्रांवरचा हा कर १ सप्टेंबर १८६४ ते १ ऑगस्ट १८६६ एवढाच काळ होता. तरीही ती तारीख प्रत विकल्याची समजावी, चित्र काढल्याची नव्हे; काचेच्या एका निगेटिव्हवरून वर्षानुवर्षे प्रती निघत असत.

अमेरिकेतील मिनेसोटाचे ओजिब्वे नेते बगोने-गीझिग यांचे उदाहरण घ्या. सेंट पॉल येथील जोएल व्हिटनी यांच्या स्टुडिओने त्यांची चित्रे विकली. २७ जून १८६८ रोजी त्यांची हत्या झाली. म्हणून त्यांचे चित्र १८८०च्या दशकातील पुठ्ठ्यावर आढळले, तर ती नंतर काढलेली प्रत आहे हे उघड आहे. त्यांच्या वडिलांचेही नाव हेच होते आणि ते १८४७ मध्ये वारले, त्यामुळे चित्राखालची माहिती नेमकी कोणाची आहे हे पारखून घ्यावे. संग्रहालयांच्या सूचींत शोधताना ‘ओजिब्वे’बरोबर ‘चिपेवा’ हे त्याच समाजाचे दुसरे नावही वापरावे, आणि व्यक्तिनामाची निरनिराळी स्पेलिंगे करून पाहावीत.

रंगांबद्दल घाई करू नये. त्या काळच्या ओल्या कलोडियन काचेवर (प्रकाशसंवेदी रसायनाचा ओला थर दिलेल्या काचेवर) घेतलेल्या चित्रात निळा रंग फिका आणि लाल रंग काळपट दिसे, म्हणून मण्यांचे किंवा चेहऱ्यावरील रंगांचे अनुमान छटेवरून काढणे चुकीचे ठरते. छातीवर अमेरिकी राष्ट्राध्यक्षांची प्रतिमा असलेले शांतिपदक (सरकार आदिवासी नेत्यांना देत असे ते पदक) दिसले, तर चित्र त्या पदकापूर्वीचे नाही एवढेच सिद्ध होते, कारण पदके वारसाने पुढच्या पिढीकडे जात.

सर्वांत अवघड भाग पोशाखाचा. कॅनडातील मिसिसॉगा शाखेचे ओजिब्वे नेते व मेथडिस्ट या ख्रिस्ती पंथाचे धर्मोपदेशक काहकेवाकोनाबी, म्हणजेच पीटर जोन्स, यांची छायाचित्रे हिल व ॲडमसन या छायाचित्रकारांच्या जोडीने १८४५ मध्ये स्कॉटलंडमधील एडिंबरोत काढली. त्यांतल्या काहींत ते पारंपरिक वेशात दिसतात. प्रत्यक्षात तो वेश घालणे त्यांना रुचत नसे; पण शाळेसाठी निधी गोळा करताना श्रोत्यांना तोच पाहायचा असे.